जून महिन्यातला उजवा हात

"मावशी, चित्रं छान आहेत. पण यात काही होतच नाही गं."

एवढं बोलून भाच्यानं पुस्तक दिवाणावर ठेवलं आणि तो आत फ्रीज उघडायला गेला. शाळा सुरू व्हायच्या आदला रविवार होता. यंदा नववीत गेलाय. त्याच्या टेबलावरची अख्खी वरची फळी मांगा-पुस्तकांनी, म्हणजे जपानी चित्रकथांनी, भरलेली आहे. तलवारबाज, राक्षस, फुटबॉल खेळणारी पोरं, सगळं तो उजवीकडून डावीकडे इतकं सपासप वाचतो की पानं उलटल्याचा आवाज थांबत नाही. युद्धावरचं मांगा आहे म्हटल्यावर सुट्टीत त्यानं हे पुस्तक माझ्याकडून हौसेनं नेलं होतं. परत आलं तेव्हा खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर होतं. मी तिथे उघडून पाहिलं. साखर आणि मुंग्यांचं प्रकरण होतं.

मी त्याला काही म्हणाले नाही. शेवटचे दोन पायरी आंबे उरले होते, ते कापून दिले. पण ते वाक्य काही जाईना. भांडी लावताना यायचं, लोकलच्या दारातून वारा आत आला की यायचं. काही होतच नाही. आणि मला त्याचं चुकलं असंही म्हणवत नव्हतं. पहिल्यांदा वाचताना मीही याच पानांवर घड्याळाकडे पाहिलं होतं.

फुमियो कोउनो या चित्रकर्तीची ही मालिका. मूळ नाव 'कोनो सेकाइ नो कातासुमि नि', म्हणजे साधारण 'जगाच्या या कोपऱ्यात'. कोउनो हिरोशिमाच्याच, जन्म १९६८चा. 'मांगा अ‍ॅक्शन' या पाक्षिकात २००७ ते २००९ अशी ही गोष्ट येत राहिली आणि पुढे तिचे तीन खंड झाले. माझ्याकडे तिन्ही खंडांची मिळून निघालेली जाडजूड इंग्रजी प्रत आहे. कण्यावर दोन ठिकाणी घड्या पडल्यात. हिरोशिमा शहराच्या एबा भागातली, घरी समुद्राचं शेवाळ वाळवून नोरी करणाऱ्यांच्या कुटुंबातली सुझु ही मुलगी. स्वभावानं तंद्रीत राहणारी, हातात पेन्सिल आली की जग विसरणारी. १९४४च्या फेब्रुवारीत तिचं लग्न होतं आणि ती कुरे या आरमारी बंदराच्या गावी सासरी येते. नवरा शुसाकु आरमाराच्या लष्करी न्यायालयात कारकून. सासूचे पाय दुखतात, सासरे विमानं बनवणाऱ्या कारखान्यात. घर डोंगराच्या उतारावर, इतकं उंच की परसातून अख्खं बंदर दिसतं आणि बंदरातल्या युद्धनौका खेळण्यांसारख्या वाटतात. मग घर सोडून आलेली थोरली नणंद केइको आणि तिची लहानगी हारुमी. नणंदेला ही वेंधळी भावजय मुळीच पसंत नाही. हारुमीला मात्र ती पहिल्या दिवसापासून आवडते.

आणि मग खरंच काही होत नाही. सुझु स्वतःचा किमोनो उसवून, कापून त्याचा कामाला सोयीचा मोंपे, म्हणजे सैल पायजमा, शिवते. शेजारसंघाच्या बैठका होतात, रेशन वाटलं जातं, कोणाच्या घरी काय पोचवायचं ते ठरतं. रेशन घटतं तशी ती रस्त्याकडेचं गवत खुडून आणते, शेजारणीला विचारून पानं ओळखते आणि चार माणसांच्या पुरवठ्यात सहा माणसांचं भागवते. एक भात आहे यात, चौदाव्या शतकातल्या कुसुनोकी मासाशिगे या सरदाराच्या नावाचा. बिनसडीचे तांदूळ आधी खरपूस भाजायचे, मग भरपूर पाण्यात फुगू द्यायचे. तेवढ्याच तांदळाचा कितीतरी जास्त भात दिसतो. कोउनोंनी ही कृती पायरीपायरीनं, भांड्यांसकट, सुझुच्या उत्साहासकट काढली आहे आणि शेवटी घरच्यांचे तो घास तोंडात घेतल्यावरचे चेहरे. वाफाळता, टम्म फुगलेला, पोट भरल्याचा भास देणारा भात. मी ते पान वाचून एकदा खरोखर तसा भात करून पाहिला. भाजताना घरभर सुंदर वास सुटला होता. खाताना मात्र जिभेवर नुसतं ओलं, फुगलेलं काहीतरी उरलं आणि तासाभरात पुन्हा भूक लागली. त्या दिवशी कळलं की घरचे चेहरे तिनं किती अचूक टिपलेत.

सुझु परसात बसून युद्धनौकांची चित्रं काढते तर लष्करी पोलीस येतो, वही जप्त करतो, घरच्यांना हेर-बिर समजून तासभर सुनावतो. तो गेल्यावर सगळे कुटुंबीय हसू दाबून दाबून शेवटी फुटतातच. ही पोर आणि हेर! हसत नाही ती फक्त सुझु. पुढच्याच महिन्यात मुंग्यांचं प्रकरण. साखरेला मुंग्या लागल्या म्हणून हारुमीच्या मदतीनं ती साखरेचं भांडं पाण्याच्या रांजणात तरंगत ठेवते. भांडं बुडतं. रेशनची सगळी साखर पाण्यात विरघळते. सासू रागवत नाही. कुठेतरी बाजूला टाकलेले पैसे काढून हातावर ठेवते आणि सुझु काळ्या बाजारातून साखर आणायला निघते, रस्ता चुकते, वेश्यावस्तीत शिरते. तिथे रिन नावाची मुलगी तिला वाट दाखवते आणि खाऊची चित्रं काढून मागते. भाच्याचं तिकीट इथे अडकलं होतं.

आता एक गोष्ट, जी मला दुसऱ्या वाचनापर्यंत लक्षात आली नव्हती. जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर फक्त वर्ष आणि महिना आहे. 'सन १९, मे'. 'सन १९, ऑगस्ट'. हे शोवा सम्राटाच्या काळाचं वर्ष, म्हणजे १९४४. पण ही प्रकरणं जेव्हा पाक्षिकात छापून येत होती तेव्हा जपानमध्ये पुढच्या सम्राटाचा हेइसेई काळ चालू होता, आणि २००७ म्हणजे हेइसेईचं १९वं वर्ष. कोउनोंनी गोष्टीतला महिना आणि वाचकाच्या भिंतीवरचा महिना एकमेकांवर बरोबर बसवले. सुझुच्या घरी मुंग्या आल्या तेव्हा वाचकाच्याही घरी ऑगस्टच होता, १९ सालचाच. पुढचं प्रकरण हवं तर पंधरवडा थांबायचं, सुझुच्याही आयुष्यातले पंधरा दिवस जायचे. म्हणजे त्या वाचकांनी ती दोन वर्षं तिच्याबरोबर अक्षरशः काढली. आणि शाळेत गेलेल्या त्या प्रत्येक माणसाला माहीत होतं की पुढच्या वर्षीचा ऑगस्ट येणार आहे. सन २०, ऑगस्ट. तिचं माहेर हिरोशिमात.

सुझुला ते माहीत नाही.

हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि मला ते धड वाचता येईना. मोंपे शिवण्याचं पान, गवत निवडण्याचं पान, शुसाकुबरोबर पुलावर उभं राहण्याचं पान, सगळ्यांच्या वर तो महिना. डोळा आधी तिकडे जायचा. अजून अकरा महिने. अजून आठ. माहेरी जाऊन ये, असं कोणी म्हटलं की छातीत धस्स व्हायचं. सहा ऑगस्टची सकाळ कोउनो कशी काढणार, कोणत्या कोनातून, किती चौकटींत, हे मी मनात जुळवत बसले होते. मला वाटतं बहुतेक वाचक तसेच बसले असतील. सगळ्यांचं लक्ष एकाच तारखेकडे.

आणि घाव येतो बावीस जूनला.

त्या दिवशी कुरेच्या आरमारी कारखान्यावर बॉम्ब पडतात. हारुमीला गावाबाहेर, शिमोनोसेकीला हलवायचं ठरलंय. केइको स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभी आहे, आणि तेवढ्या वेळात सुझु हारुमीला घेऊन इस्पितळात जखमी सासऱ्यांना भेटून येते. वाटेत भोंगा होतो, दोघी अनोळखी माणसांबरोबर आसऱ्याला बसतात, बाहेर येतात. हारुमीला कुंपणापलीकडे कोणती जहाजं आलीत ते बघायचंय. तिला सगळ्या नौकांची नावं पाठ, थोरल्या भावानं शिकवलेली. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उशिरा फुटणारा बॉम्ब असतो. सुझुला अशा बॉम्बबद्दल ऐकलेलं आठवतं, पण आठवेपर्यंत वेळ संपलेली असते. हारुमी जाते. सुझु वाचते, पण हारुमीचा हात धरलेला तिचा उजवा हात जातो. चित्रं काढणारा हात.

यानंतर जे पान येतं ते मी आजवर किती वेळा पाहिलं असेल, मोजलेलं नाही. अंथरुणावर पडलेली सुझु आपल्या हाताची आठवण काढते, आणि तीही महिन्यांनीच. जूनमध्ये हारुमीचा हात धरलेला उजवा हात. मेमध्ये शुसाकुचा झोपलेला चेहरा रेखाटणारा उजवा हात. असं एकेक महिना मागे. प्रत्येक चौकटीत एक बारकं काम, आणि ही सगळी कामं आपण आधी वाचलेली असतात. वाचून विसरलेली असतात. ज्या पानांवर काही होत नव्हतं तीच ही पानं. तो हात तिथे होता, शिवत होता, निवडत होता, वहीत नौका काढत होता, आणि आपण डोक्यावरचा महिना वाचून ऑगस्टची वाट बघत पुढे जात होतो. केइको आधी सुझुला नको नको ते बोलते, खुनी म्हणते. पुढे तीच येऊन माफी मागते. पण सुझुच्या मनातलं गणित थांबत नाही: मी उलट्या बाजूनं चालले असते तर, डाव्या हातानं धरलं असतं तर.

इथून पुढे पुस्तकातल्या पार्श्वभूमी वेड्यावाकड्या होतात. घरं कलतात, डोंगराची रेघ थरथरते, झाडं पोरानं काढल्यासारखी. कोउनोंची एरवीची रेघ म्हणजे बारीक, न थकणारी, सावल्यासुद्धा पेनाच्या एकेका फटकाऱ्यानं भरणारी. मला आधी वाटलं छपाईत काहीतरी बिघडलंय. मग कळलं की सुझुचा हात गेल्यापासून पुढच्या पार्श्वभूमी कोउनोंनी स्वतःच्या डाव्या हातानं काढल्यात. माणसं नीट उभी आहेत, त्यांच्यामागचं जग मात्र हललेलं आहे. या गोष्टीत पहिल्यापासूनच सुझु जसं बघते तसं जग रेखाटलं जात होतं. लहानपणी भाऊ समुद्रात गमावलेल्या एका वर्गमित्राला ती लाटांच्या जागी पांढरे ससे उड्या मारताना काढून देते, तेव्हाही. तो हात गेला म्हटल्यावर चित्रकर्तीनं आपला चांगला हात कसा वापरायचा? तिनं तो बाजूला ठेवला. कलाकारानं आपल्या पात्रासाठी याहून मोठं काही सोडल्याचं मला तरी आठवत नाही.

जुलैच्या मध्यावर आमच्या स्वयंपाकघरात पाणी गळायला लागलं म्हणून फळ्या रिकाम्या केल्या. आई जुनी कॅलेंडरं टाकत नाही, फळ्यांवर अंथरते. डाळीच्या डब्यांखालून कालनिर्णयचं एक जुनं पान निघालं, तेलाचे गोल डाग पडलेलं. आमच्याकडे दुधाचा हिशेब त्या तारखांच्या चौकोनातच असायचा. 'दीड'. 'दीड'. 'एक, दही लावले'. 'गॅस आला'. 'बाई नाही'. आईचं अक्षर टपोरं, वळणदार, रेघ न सोडणारं. पण या पानावर आठव्या तारखेपासून सगळं बदललं होतं. 'दीड'ची वेलांटी चौकोनाबाहेर गेलेली, 'ड' उलटा पडल्यासारखा, 'गॅस' तर ओळखूच येत नव्हतं. मला एक मिनिट लागलं. त्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली होती, उजवं मनगट मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर. मी तेव्हा नोकरीला नुकती लागलेली, सकाळी सातला घराबाहेर. पोळ्या कोण करत होतं, वेणी कोण घालत होतं, मला आठवेना. आठवलं ते फक्त प्लास्टरवर कोणीतरी काढलेलं फूल. आणि इथे रोजच्या रोज, एकही तारीख न चुकवता, तिनं डाव्या हातानं दुधाचा हिशेब लिहून ठेवला होता.

मी ते पान आईसमोर धरलं. तिनं चष्मा वर सरकवला, लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय गं? तुम्हा पोरांपैकी कोणी?"

मी सांगितलं. तिनं कितीतरी वेळ बोट फिरवलं त्या चौकोनांवरून. मग म्हणाली, "हो का," आणि पान पुन्हा फळीवर अंथरायला मागितलं. मी ते दिलं नाही. दुसरं दिलं.

त्या रात्री पुस्तकाचा शेवटचा हिस्सा पुन्हा वाचला. सहा ऑगस्टची सकाळ. सुझुनं माहेरी, हिरोशिमाला परत जायचं ठरवलंय. हात गेलेल्या सुनेचा सासरी काय उपयोग, असं तिचं तिनेच ठरवलेलं. केइको तिच्याशी बोलते, तुझी जागा तूच ठरव, इथे राहावंसं वाटलं तर राहा, अशा अर्थाचं. राहते, म्हणते सुझु. आणि त्याच वेळी लख्ख प्रकाश. कुरेतून हिरोशिमाचा प्रकाश दिसतो, मग धरणीचा हादरा, मग डोंगरापलीकडून चढत जाणारा ढग. कोउनोंनी त्या शहराच्या आत आपल्याला त्या दिवशी नेलंच नाही. दोन नणंदा-भावजया, एक खोली आणि एक ढग. ज्या तारखेसाठी मी श्वास धरून बसले होते ती अशी, समेटाच्या वाक्याला लागून येऊन गेली.

या पुस्तकाबद्दल एक तक्रार ऐकू येते, की यात युद्ध फार हळुवार दिसतं. जपाननं इतरांचं काय केलं ते यात कुठे आहे? मलाही हे टोचायचं. कुरे हे काही गरीब कोळ्यांचं गाव नव्हतं. तेव्हाची जगातली सर्वांत मोठी युद्धनौका 'यामातो' त्याच गोदीत बांधली गेली होती. हारुमी ज्या जहाजांची नावं गोड आवाजात घेते ती कशासाठी निघत होती, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून पंधरा ऑगस्टचं प्रकरण मला फार मोलाचं वाटतं. रेडिओवर सम्राटाचा आवाज येतो, शरणागती. एवढा वेळ हसून, चुकून, माफी मागून जगणारी सुझु पहिल्यांदा संतापानं फुटते, शेतात धावत जाते. आणि तिथून तिला खाली गावात एक झेंडा वर चढताना दिसतो, कोरियाचा. तिला लख्ख कळतं की आपला देश दुसऱ्यांना बळानं दाबून बसला होता आणि म्हणूनच तो आता बळापुढे वाकला. तिथेच शेतात ती जमिनीवर कोसळून रडते. आपल्याकडे पंधरा ऑगस्ट म्हटलं की शाळेचं पटांगण, इस्त्रीचा गणवेश आणि वर चढणारा झेंडा. त्यामुळे असेल, पण ती चौकट मी सुझुच्या बाजूनं आणि झेंड्याच्या बाजूनं, दोन्हीकडून एकदम वाचते, आणि मला कुठेच नीट उभं राहता येत नाही.

सुनाओ काताबुचि यांनी २०१६मध्ये यावर चित्रपट केला तेव्हा या प्रसंगातलं बोलणं बदललं. तिथे सुझु म्हणते ते असं, की मी समुद्रापलीकडून आलेल्या तांदळानं, सोयाबीननं घडलेली आहे. यावरून वाचकांत पुष्कळ वाद झालेत. मी मांगाच्या बाजूची आहे. तिथलं बोलणं कडक आहे आणि ते कडकच हवं होतं. पण चित्रपटातलं ते वाक्य ऐकल्यापासून तो फुगवलेल्या भाताचा प्रसंग मला पूर्वीसारखा वाचता येत नाही, हेही खरं. काटकसरीचं कौतुक करत होते मी. ते तांदूळ कुठून आले होते, हे विचारायचं माझ्याही मनात आलं नव्हतं.

गणपतीत भाचा राहायला आला. आरती झाली, जेवणं झाली, बाहेर पाऊस होता आणि त्याच्या फोनला रेंज नव्हती. कपाटासमोर उभा राहून त्यानं विचारलं, "मावशी, ते पुस्तक आहे का गं अजून? ते साखरवालं?" मी दिलं. एसटीचं तिकीट मी हलवलं नव्हतं, होतं तिथेच होतं. त्याच्या डोक्यात सहा ऑगस्ट पक्का आहे, इतिहासाच्या पुस्तकात आहे तो. "हिरोशिमा शेवटी येतं ना?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "येतं." बाकी काही सांगितलं नाही. तो दिवाणावर पालथा पडून वाचायला लागला. आतून आई निरंजन घासत होती त्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं तो खुदकन हसला.

"अगं, बुडलं भांडं!" तो म्हणाला, आणि हारुमीचं तोंड मला दाखवायला त्यानं पान माझ्याकडे वळवलं.